उपासाच्या दिवशीची गोळी

मनूच्या पायात रक्ताची गाठ धरली ती बाळंतपणात. पोरगी सुखरूप झाली, पाय मात्र भोपळ्यासारखा फुगला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन तो उतरवला आणि घरी सोडताना रक्त पातळ करायच्या गोळ्या देऊन बजावलं, "बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. रोज एक."

रोज एक, यात न कळण्यासारखं काय आहे? पण रोजमध्ये सोमवारही येतो, हे सांगायचं डॉक्टरांना सुचलं नाही आणि विचारायचं मनूला.

तिचा नवरा ज्ञानू फौजेत. बहात्तर साल निम्मं सरलं, लढाई संपली, तरी त्याची पलटण सरहद्दीवरच. पोरीचं तोंड त्याने अजून पाहिलं नव्हतं. लढाई पेटली तेव्हाच मनूने महादेवाचे निरंकार सोमवार धरले होते. नवऱ्याचा पाय उंबऱ्याला लागेल तेव्हाच सोडायचे. पाण्याचा थेंब चालत नाही, तिथं गोळी कुठली? पुढे पत्र लांबलं तसा गुरुवार धरला. रजा रद्द झाली तसा शनिवार. सासू रंगूबाई दूध आटेल म्हणून ओरडायची, पण सुनेच्या देवाच्या आड किती येणार! रहिमतपूरची एसटी फाट्यावर थांबली की मनू पिठाच्या हातानं दारात यायची. लांबून वर्दीतला माणूस दिसला की पदराला हात पुसत पुढे व्हायची. जवळ आल्यावर तो पोस्टमन निघायचा, तोही रिकाम्या हाताचा.

श्रावणाच्या तोंडाला पाय पुन्हा फुगला.

"गोळी चुकवलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई जी. फकस्त उपासाच्या दिशी."

"उपास कधी असतो?"

मनूने सगळे वार सांगितले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं, गोळी म्हणजे काय फराळ आहे? ही गाठ सुटून छातीत गेली तर पाणी मागायलाही उसंत मिळायची नाही."

पाय उतरेपर्यंत तिला तिथंच ठेवून घेतलं. घरी आली आणि पुढचा सोमवार उजाडला. रंगूबाई गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात बसली. मनूने ओठ मिटून घेतले.

"आत्याबाई, आज नगं. एवढी लढाई झाली, पर त्येंच्या केसाला धक्का लागला न्हाई. उपास मोडला आन् कायतरी इपरीत झालं तर?"

"तुझा सोमवार मी धरते. माझा बी ल्योकच हाय त्यो."

"पर नवस म्या बोललीया. देवानं तुमचा उपास न्हाई मानला तर?"

रंगूबाईचा आवाज चिरकला. "आन् उद्या त्यो दारात आला, न् पोरीला घिऊन एकली मीच उभी असले, तर त्येला काय सांगू? तुझ्यापायी उपाशी मेली म्हून?"

मनूने गोळी जिभेवर ठेवली, घोटभर पाणी प्याली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. इतक्या लांबून नवऱ्यासाठी करण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच होतं, उपाशी राहणं. पोटात कळ आली की वाटायचं, त्याच्यावरचं काहीतरी आपण अंगावर घेतलं. आता नुसतं जेवायचं, गोळी घ्यायची आणि वाट बघायची. हे तिला उपासाहून कितीतरी जड जाणार होतं.