धडधाकट मान

ठोक्याचं खरं नाव घरात कुणीच घेत नसे. लहानपणी हाती लागेल त्या लाकडावर ठोकाठोक करायचा, म्हणून ताईने हे नाव ठेवलं. पुढे तो व्हायोलिन घडवणारा म्हणून नावारूपाला आला, केस पिकायला लागले, तरी ते काही सुटलं नाही. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ती नाटकघराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची आणि तिच्या हातातलं वाद्य ठोक्याने स्वतः घडवलेलं होतं.

एका दुपारी ती कारखान्यात आली आणि लाकडाचा भुसा हाताने बाजूला सारून तिने पेटी टेबलावर ठेवली.

"तारा वर चढल्यात रे. दाबताना जीव जातो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण एकदा बघ तरी. मान झुकली असणार. शनिवारी नवे संचालक एकेकाला बोलावून ऐकणार आहेत. ज्याचं जमणार नाही त्याला नारळ."

व्हायोलिनची मान धडात किंचित मागे कललेली बसवतात. तारांच्या ताणाने ती कधीकधी पुढे झुकते. मग बोटांखालची काळी पट्टी खाली जाते, तारा तिच्यापासून लांब राहतात आणि त्या दाबायला जोर लागतो. असं झालेली कितीतरी वाद्यं ठोक्याच्या हाताखालून गेली होती. त्याने पट्टीवर पोलादी मोजपट्टी धरली आणि ती घोडीपाशी, म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यापाशी, कुठे टेकते ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. मान केसभरही हललेली नव्हती.

त्याने वर पाहिलं. ताई कोटाचं बटण लावत होती आणि ते तिला लागत नव्हतं. डाव्या हाताची करंगळी नि शेजारचं बोट आत वळून नुसती पडून होती. अंगठ्यामागचं मांस बसून तिथे खळगा झाला होता. दोष वाद्यात नव्हता, हे ठोक्याला कळलं.

"काय रे? झुकलीय ना?"

तिने इतक्या आशेने विचारलं की त्याची जीभच रेटेना.

"झुकलीय," तो म्हणाला. "थोडीशी."

"बघ! मला मेलीला वाटायला लागलं होतं, माझा हातच गेला." ताई खळखळून हसली आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून निघून गेली.

आता आली का पंचाईत! घोडी तासून तारा तिच्या दुबळ्या बोटांना दाबता येतील इतक्या खाली आणता आल्या असत्या, पण बुटक्या घोडीवर आवाज दबतो आणि संचालकांच्या कानाला ते पहिल्याच सुरात कळलं असतं. मान उखडायची, मुळाशी पाचर घालायची आणि ती होती त्याहून जास्त मागे कलवायची, एवढा एकच मार्ग उरला. धडधाकट माणसाला उगाच फाडायला घेण्यातला प्रकार होता तो.

त्याने तारा उतरवल्या, घोडी काढली, पातळ सुरी गरम करून सांध्यात सरकवली. सरस मऊ व्हावा म्हणून स्पिरिटचे थेंब सोडले. सांधा ढिम्म हलेना. आपल्याच हाताने इतका चोख बसवला होता की आता त्या कौशल्यालाच तो शिव्या घालू लागला. त्याने पुन्हा सुरी तापवली, पुन्हा थेंब सोडले, मानेवर तळहाताने ठोका दिला. कुठे घाई करू नये हे तो जन्मभर दुसऱ्यांना सांगत आला होता. त्याने आणखी एक ठोका दिला.

कट्‌कन आवाज झाला. मान हातात आली, पण पाठीच्या फळीची जी जीभ मानेला मागून आधार देते, ती मोडून मानेबरोबर आली होती.

आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का रे?" ताई विचारत होती.

"होतंय. ताई, तुझ्या हाताला मुंग्याबिंग्या येतात का गं?"

ती फिस्कारली, "वाद्य तू नीट कर. माझ्या हाताचं मी बघते."

इथे तरी बोलायला हवं होतं. पण समोर मोडकी मान पडलेली, काय तोंडाने बोलणार? त्याने मोडलेली जीभ सरसाने चिकटवली, आतून लाकडाचा जोड दिला, पाचर तासतासून बसवली. रंगाची कड जुळेना तेव्हा त्याला रडू कोसळलं, तसाच डोळे पुसत तो पटाशी चालवत राहिला.

शनिवारी सकाळी ताई आली. तिने व्हायोलिन खांद्याला लावलं, गज फिरवला. तारा आता पट्टीच्या अगदी जवळ होत्या. पहिली ओळ सरळ निघाली आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने जोर लावला, तशी तार पट्टीवर आपटून खरखरली. करंगळीचा सूर आला तेव्हा करंगळी उचललीच नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा. मग गज खाली घेतला आणि मानेच्या मुळाशी असलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

ठोक्याने सगळं सांगितलं. मान झुकलेली नव्हती, हेही.

"म्हणजे त्याच दिवशी तुला दिसलं होतं?" तिचा आवाज चिरकला. "माझा हात वाळतोय हे दिसलं आणि तू गप्प बसलास? वर हे मोडून ठेवलंस? केसाने गळा कापलास रे माझा!"

"ताई, तू इतकी आशेनं..."

"आशेचं काय घेऊन बसलास! मला तुझ्याशिवाय कोण खरं सांगणार होतं?"

ती नाटकघरात गेली नाही. कारखान्यातून थेट घरी गेली आणि सोमवारपर्यंत पडून राहिली. ठोक्या दारात उभा राहायचा आणि परत जायचा. शेवटी तोच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. कोपरापाशी शीर दबली होती, बऱ्याच दिवसांपासून. शस्त्रक्रिया केली तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"थोडे दिवस आधी आलो असतो तर?" ठोक्याने विचारलं.

"आता ते कसं सांगणार?" डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसली. रस्त्यावरची वर्दळ बघत राहिली. तिच्या ओढणीचं टोक डाव्या हातात होतं आणि ते सारखं निसटत होतं.

"मान होती तशी बसव," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. पण असं बिघडवलेलं कुणाच्या हाती जायला नको."

"पुन्हा उघडताना फुटेल गं. जीभ आता कच्ची आहे."

"फुटली तर फुटली. मी धरते."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात आली. उजव्या हाताने तिने धड मांडीवर घट्ट आवळून धरलं आणि ठोक्याने सुरी तापवायला घेतली. त्याने सुरी सांध्यापाशी नेली आणि तिच्याकडे पाहिलं. "घाई नको," ती म्हणाली, पण तिने त्याला थांबवलं नाही.