नव्वद किलोंच्या आत

आमच्या जेवणाच्या टेबलावर पंखा नाही. तिथे विमानं टांगलेली आहेत. आमच्या ह्यांनी स्वतः चिकटवून, रंगवून, दोऱ्यांनी छताला बांधलेली युद्धकाळातली विमानं. पंखा लावला तर ती एकमेकांवर आदळतील म्हणून उन्हाळाभर आम्ही घाम पुसत जेवतो. त्यांच्यावरची धूळ झटकायचं काम अर्थात माझं. एकदा झटकताना एकाचं चाक निखळलं, तर आमचे हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासून घ्यायला गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की "खालची ओळ वाचा" आणि "आता बरं दिसतं का?" यांच्या मधल्या वेळात हे त्याला कुठलंतरी बाँबफेकी विमान जोडून दाखवतात. बिचारा काचा डोळ्यांवर चढवून अडकलेला असतो, पळणार कुठे? हे सगळं असूनही आमचे हे जन्मात कधी विमानात बसलेले नाहीत. का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार: "आजकालची विमानं म्हणजे उडत्या बसगाड्या. त्यात काय बसायचं! बसायचं तर जुन्यात. वर छप्पर नको, तोंडावर वारा हवा." मी सव्वीस वर्षं हे उत्तर खरं मानलं, आणि सव्वीस वर्षं आगगाडीच्या बाकावर पाठ मोडून घेतली.

म्हणून जुन्या लढाऊ विमानांच्या प्रदर्शनाची जाहिरात आली तेव्हा आमच्या लेकीने गुपचूप बापाचं नाव सोडतीत घातलं. बक्षीस काय, तर वैमानिकांना शिकवायला वापरत त्या दोन जणांच्या, बिनछपराच्या विमानातून पाव तासाची चक्कर. आणि नाव निघालं! लेकीने जेवताना सांगितलं, तेव्हा तिचा आवाज आनंदाने कापत होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून, दोन्ही हात पसरून तिने घरभर चकरा मारल्या होत्या. "एक दिवस तुझा बाबा खऱ्या विमानातून तुला हात करेल," हे वाक्य तिने एवढ्या वेळा ऐकलं होतं, की ते तिला स्वतःचं नाव पाठ असावं तसं पाठ होतं.

"वा!" हे म्हणाले. मग पुन्हा "वा!" म्हणाले. मग पाणी मागितलं.

प्रवासाची आखणी माझ्या धाकट्या भावाने अंगावर घेतली. म्हणजे आम्ही दिली नाही, त्याने घेतली. तो मालवाहतूक कंपनीत आहे, कुठला ट्रक कधी सुटणार हे तो ठरवतो, आणि माणसं व पोती यांत त्याला फारसा फरक वाटत नाही. त्याने टेबलभर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. चहा इथे. लघवी इथे. "आणि मध्येच कुणी लागली म्हणाला, तर गाडी थांबणार नाही," असं त्याने माझ्याकडे बघून सांगितलं.

ह्यांनी चष्मा पुसत विचारलं, "पाऊस आला तर?"

"त्या दिवसांत तिकडे पाऊस नसतो. विचारलंय मी."

"रस्ता बंद असला तर?"

"दुसरा रस्ता आहे, भावोजी. हा बघा."

"आणि पायलटच आजारी पडला तर? माणूस आहे तोही."

"दोन पायलट आहेत. दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे."

आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माणसाला किती काळजी आहे बेत फिसकटायची! तेवढ्यात लेकीने अटी वाचून दाखवल्या. विमान जुनं, त्यामुळे बसणाऱ्याचं वजन नव्वद किलोंच्या आत हवं. ह्यांचं अठ्ठ्याऐंशी होतं.

"म्हणजे दोनच किलोंची सवड आहे, बाबा," लेक म्हणाली. "जपायला हवं."

"हो ना, जपायलाच हवं," हे म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच जरा हसले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जपणूक सुरू झाली. लेक पहाटे बापाला उठवून चालायला न्यायची. मी भाज्या नुसत्या उकडायला लागले. हे मुकाट्याने गिळायचे, कुरकूर नाही की तक्रार नाही, एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! दर रविवारी ते न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि वजन पाहून आम्ही दोघी कपाळाला हात लावायचो. ते वाढत होतं. काटाच बिघडला असेल म्हणून मी एकदा स्वतः वर उभी राहून पाहिलं. ती चूक झाली. काटा उत्तम होता.

एका दुपारी हे डबा घरी विसरले म्हणून मी तो घेऊन दुकानात गेले. बाहेर कुणी नव्हतं. आत डोळे तपासायच्या खोलीत अंधार होता, आणि समोरच्या उजळलेल्या अक्षरांच्या पाटीच्या प्रकाशात आमचे हे त्या उंच खुर्चीवर बसले होते. मांडीवर केकचं खोकं, शेजारी लोण्याची वडी. ते केकच्या तुकड्यावर लोणी थापत होते, तोंडात कोंबत होते आणि डोळे मिटून गिळत होते. चोरून खाणाऱ्या माणसाच्या तोंडावर निदान थोडा तरी आनंद असतो की नाही? तो नव्हता. कडू औषध घ्यावं तसं चाललं होतं.

तो चेहरा मी ओळखला. मी दंतवैद्याकडे बाहेरच्या टेबलाशी बसते, नावं लिहून घेते आणि आत पाठवते. खरे घाबरलेले लोक रडत नाहीत, हे मला तिथे कळलं. खरे घाबरलेले लोक यंत्राचं कौतुक करतात. "नवीन मशीन घेतलंय वाटतं? वा! कुठल्या कंपनीचं?" मग त्यांना एकदम गाडी चुकीच्या जागी लावल्याची आठवण होते, ते बाहेर जातात आणि पुन्हा उगवत नाहीत. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर यंत्राचंच कौतुक केलं होतं. त्याला विमानाची भीती वाटत होती.

डबा बाहेरच्या काउंटरवर ठेवून मी तशीच मागे फिरले. आधी पित्त खवळलं. त्या उकडलेल्या भाज्या मीही खात होते! आणि ते दोन-दोन दिवसांचे आगगाडीचे प्रवास, ते धक्के, ती संडासाशेजारची जागा! घरी जाऊन चांगली हजेरी घ्यायची असं ठरवतच मी चालत होते. पण वाटेत लेकीचा फोन आला. बाबांसाठी कानटोपी घेतलीये, वर वारा फार असतो म्हणे, असं ती सांगत होती, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. एक शब्द बोलला असता तर सुटला असता हा माणूस. पण तो शब्द लेकीसमोर बोलायचा होता. त्यापेक्षा त्याला लोणी गिळणं सोपं वाटलं.

मग मीही कामाला लागले. उकडलेल्या भाजीच्या तळाशी लोणी, दुधात साय, पोळीला आतून तूप. तोंडाने मात्र "अहो, जरा आवरा, तोंडावर ताबा ठेवा" चालूच. हे मनोमन खूश असावेत. कारण भाजीची चव एकाएकी सुधारली, तरी त्यांनी ती का सुधारली हे कधीच विचारलं नाही. तिकडे लेक त्यांना पहाटे आणखी लांब चालवत होती. माझं लोणी आणि तिचं चालणं यांच्या रस्सीखेचीत काटा कधी नव्वदच्या पलीकडे जायचा, कधी अलीकडे यायचा. आणि ऐन शेवटच्या आठवड्यात घात झाला. ह्यांची भूकच मेली. ताटात काहीही वाढा, दोन घासांत हात धुवायचे. पोटात भीती बसली होती, लोण्याला जागा कुठली?

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या भावाने आम्हाला एवढ्या लवकर नेऊन पोचवलं, की फाटकसुद्धा उघडलेलं नव्हतं. मग हळूहळू मैदान भरलं. ओल्या गवतावर जुनी विमानं रांगेत उभी होती आणि पेट्रोलचा वास सुटला होता. आमचे हे अनोळखी लोकांना धरधरून इंजिनांची माहिती देत होते, आवाज टिपेला पोचला होता. दंतवैद्याच्या भाषेत सांगायचं तर आता फक्त गाडी चुकीच्या जागी लावल्याची आठवण व्हायची बाकी होती. पण गाडी माझ्या भावाने लावली होती, तिथेही सोय नव्हती.

वजनासाठी गोदामात असतो तसा मोठा लोखंडी काटा ठेवला होता. खाली रुंद पत्रा, समोर भलीमोठी तबकडी. तबकडीजवळ तेलकट कपड्यांतला एक मिस्त्री उभा होता.

"कुठल्या कंपनीचा आहे हो हा काटा?" ह्यांनी विचारलं.

"चढा साहेब," मिस्त्री म्हणाला.

हे चढले. एक्क्याण्णव! ह्यांचा चेहरा उजळतो न उजळतो तोच माझा भाऊ पुढे धावला. "भावोजी, कोट काढा! खिसे रिकामे करा!" आणि त्याने स्वतःच खिशांत हात घातले. दुकानाची कुलपं निघाली, किल्ल्यांचा जुडगा निघाला, दुर्बीण निघाली, आणि एक पितळी पेपरवेट निघाला.

"पेपरवेट कशाला आणलात?"

"कागद उडतात वाऱ्याने," हे म्हणाले.

काटा एकोणनव्वदवर येऊन थांबला. भावाने टाळ्या वाजवल्या. हे पत्र्यावर सरळ उभे होते, समोर बघत, आणि त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये चालला होता. मी बरोबर मागे होते. मला तो घाम बघवला नाही. मी कुणाचं लक्ष नाही असं पाहिलं आणि चपलेचा अंगठा हळूच पत्र्याच्या कडेवर टेकवून दाबला.

काटा सत्त्याण्णववर गेला.

मी दचकलेच. एवढं तर मी दाबलं नव्हतं! घाईने पाय उचलला, तरी काटा चौऱ्याण्णवच. मी वाकून पाहिलं. पत्र्याच्या दुसऱ्या कडेवर एक पांढरा बूट होता. वर पाहिलं, तर आमची लेक हात मागे बांधून आभाळातले ढग बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. मी माझा अंगठा परत जागेवर ठेवला.

"आत्ता तर एकोणनव्वद होतं," मिस्त्री तबकडीवर टिचक्या मारत म्हणाला.

"काटा बिघडलाय!" भाऊ कडाडला. "पुन्हा करा! आम्ही एवढ्या लांबून..." मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"मामा, जाऊ दे ना," लेक म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

आमचे हे उतरले. तोंडावर रंग परत आला होता, आणि ते पडेल आवाजात बोलायचा एवढा प्रयत्न करत होते, की कुणालाही हसू यावं. "नशीब! आता काय करणार? आयुष्यभराची इच्छा..." मग सुटकेच्या आनंदात औदार्य उसळलं. "बाळा, तू जा. माझ्याऐवजी तू बस. चालेल ना हो?"

मिस्त्रीला चालणार होतं. लेकीच्या हनुवटीखाली कानटोपीचा पट्टा बांधताना मी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चालायला जातो ना, तिथे तो पादचारी पूल आहे बघ. रोज बाबा त्याच्या अलीकडेच वळतो. एकदा ओढून चढवला, तर पायरीवरच बसला, म्हणे बुटाची नाडी सुटली. आई, त्याच्या बुटांना नाड्या नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तो कुठे बोलला?" ती म्हणाली आणि विमानाकडे पळाली.

इंजिन खोकत सुरू झालं, पुढचा पंखा गरगरला, आणि आमची एकुलती एक मुलगी त्या उघड्या डब्यात बसून गवतावरून धावत गेली आणि वर उचलली गेली. लोक ओरडले. माझा भाऊ रुमाल हलवत सुटला. ज्या विमानासाठी आम्ही जन्मभर पंख्याविना जेवलो, ते डोक्यावरून घोंगावत होतं, आणि आमचे हे खाली मान घालून, डोळे घट्ट मिटून उभे होते. माझा हात त्यांनी एवढा आवळला होता, की बांगडी रुतत होती.

"वर आहे का?"

"वर आहे."

"नीट आहे का?"

"हात करतेय तुम्हाला."

"वळतंय ना आता? आवाज बदलला. एका अंगावर झुकलं असेल. एवढं कशाला झुकवतो मेला!" मग स्वतःशीच म्हणाले, "मीच जायला हवं होतं. काही झालं असतं तर मला झालं असतं."

मी दुसऱ्या हाताने त्यांचा हात थोपटला. मलाच रडू येईल असं वाटत होतं.

"ऐक," ते म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "तुला एक सांगायचंय. हसू नकोस. मला भीती वाटते गं विमानाची. पहिल्यापासून वाटते."

"असं?" मी म्हटलं.

"तिला मात्र कधी कळू देऊ नकोस. वाईट वाटेल पोरीला."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "आता डोळे उघडा बघू. ती उतरतेय."