दोन्हीचा स्टंप

मी एक जुना स्टंप आहे. मित्रांनो, मैदानावर स्टंप तीन असतात, पण मी जन्मापासून एकटाच. एका सुताराने मोडक्या पलंगाच्या पायाला रंधा मारून मला घडवले आणि मागच्या अंगणातल्या फरशीवर मला उभे राहता यावे म्हणून माझ्या तळाशी जाड फळी ठोकली.

हे सारे त्याच्या मुलीसाठी होते.

"बॅटिंग करणार की बॉलिंग?" त्याने तिला पहिल्याच दिवशी विचारले.

"दोन्ही!"

"अगं, एक काहीतरी सांग."

"सांगितलं की. दोन्ही!"

तेव्हापासून तिचे नावच 'दोन्ही' पडले.

बापलेकींचा एकच नियम होता. ज्याने स्टंप पाडला, त्यानेच वाकून तो उभा करायचा. सकाळी ती मला पाडण्यासाठी जिवाचे रान करी. संध्याकाळी बाबा बॉलिंगला आले, की मला वाचवण्यासाठीही तेवढेच. माझा शत्रू आणि माझा राखणदार एकच होता!

चेंडूची एक बाजू ती पँटला घासून चकचकीत ठेवी, दुसरी खडबडीत होऊ देई. चेंडू हातातून सुटला की मला वाटे, चला, हा तर बाजूने जाणार. अर्ध्या वाटेपर्यंत तो सरळच येई. मग कुणीतरी हाक मारल्यासारखा माझ्याकडे वळे. दोन्ही बाजूंवरून हवा सारखी सरकत नाही, म्हणून चेंडू एका अंगाला ढकलला जातो, हे मला पुढे कळले. कारण कळले तरी आश्चर्य कमी झाले नाही, उलट वाढलेच. डोळ्यांना न दिसणाऱ्या हवेला ही मुलगी कामाला लावत होती!

ती बॅटिंग करताना मला फक्त तिच्या टाचा दिसत. चेंडू टप्पा घेण्याआधीच त्या योग्य जागी पोचलेल्या असत. त्यांना आधी कसे कळायचे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

ती देशाच्या संघात गेली आणि मी बाबांच्या कारखान्यातल्या खिडकीचा टेकू झालो. अंगावर भुसा साचला. एकदा शेजारच्या टीव्हीतून हजारो लोकांचा आवाज आला, "दोन्ही! दोन्ही!" मी खिडकी धरून तसाच थरारत राहिलो.

मग एके दिवशी ती कमरेला पट्टा बांधून घरी आली. बॉलिंगच्या ताणाने मणक्याला बारीक चीर गेली होती. तिला वाकायला बंदी होती. हातातला चमचा पडला तरी बाबा धावत.

तिचे प्रशिक्षक भेटायला आले. "बॉलिंगचा नाद सोड," ते म्हणाले. "नुसत्या बॅटिंगवरही संघात राहशील."

"राहीन हो सर. पण मग निम्मी मी घरीच राहीन."

कित्येक महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाड भरून आलंय. भीती तेवढी तुझी तुला घालवायची आहे."

बाबांनी मला पुसून अंगणात उभे केले. तिचे पहिले चेंडू कुठल्या कुठे गेले.

"भिंतीने काय घोडं मारलंय तुझं?" बाबा हसले.

ती थांबली. चेंडू पँटला घासला. धावत आली आणि पाठीचा विचार न करता हात फिरवला. चेंडू सरळ आला, सरळच आला, आणि मग वळला! मी फळीसकट आडवा झालो.

सवयीने बाबा मला उचलायला धावले.

"ओ बाबा! नियम विसरलात का?"

ते जागच्या जागी थबकले. त्यांचा हात हवेतच राहिला. ती माझ्याजवळ आली. मग एक हात कमरेवर ठेवून हळूहळू वाकली. तिची बोटे माझ्याभोवती घट्ट मिटली. मला घेऊन ती सरळ उभी राहिली आणि कमरेवरचा हात तिने काढून घेतला.

पुढे ती पुष्कळ वर्षे देशासाठी खेळली. अर्थातच, दोन्ही!

आता तिने खेळणे थांबवले आहे आणि मीही एका बाजूला कललो आहे. मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. खेळ संपला की पडलेला स्टंप गवतात तसाच टाकून जाऊ नका. त्याला उभा करायला वाकावे लागते, हे खरे. पण वाकता येणे ही केवढी मोठी गोष्ट असते, ते मी अगदी जवळून पाहिले आहे.