रापणीने पाहिलेला पाहुणा

मित्रांनो, माझ्या उजव्या डोळ्यात बुरशी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मी दुर्बीण आहे, वयाने बरीच जुनी. पण माझा डावा डोळा आजही असा लख्ख आहे की दूर खडकावर बसलेल्या पक्ष्याने पापणी मिटली तरी मला कळतं!

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. माझ्या आताच्या मालकिणीचे, आनंदीचे मामा जहाजावर कामाला होते. त्यांच्या गळ्यात राहून मी दीपस्तंभ पाहिले, बंदरं पाहिली, मामांची वाहवा मिळवली. मग मामा निवृत्त होऊन समुद्राकाठी तळाशीलला घरी आले आणि मी कपाटावर जाऊन पडले. जत्रेत दशावतार असला की पोरं मला खाली काढत आणि उलटी धरून राक्षसाला मुंगीएवढा करून खिदळत. माझ्यासारखीला उलटं धरायचं म्हणजे काय! त्याच पडीक दिवसांत खारी, दमट हवा आत शिरली आणि उजव्या नळीत बुरशी धरली.

मला पुन्हा उजेडात आणलं ते आनंदीने. ती हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. पावसाळ्यात ती मला मऊ फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते, म्हणजे ओल लागत नाही. बाकीचे दिवस मी तिच्या गळ्यात असते. तिचं काळीज धडधडलं की मला सगळ्यात आधी समजतं.

आणि फाल्गुन सरला की ते रोजच धडधडतं! थंडीत आलेले पाहुणे पक्षी तेव्हा उत्तरेकडे परत निघतात. निघण्याआधी सगळ्यांची नटण्याची कोण घाई! पांढऱ्या डोक्याचे कुरव गडद तपकिरी टोपी चढवतात. मातकट दिसणारे चिखले छातीवर विटेचा रंग मिरवतात. आज दिसलेला थवा उद्या गायब, आणि त्याच्या जागी दक्षिणेकडून आलेला नवाच कुणीतरी वाळूवर उतरलेला. "गो बाय, ह्यो खंयचो?" असं आनंदी स्वतःशीच पुटपुटते आणि माझं चाक फिरवते.

अशाच एका सकाळी खाडीच्या तोंडाशी आम्हाला तो दिसला. पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, लांब राखाडी पाय आणि जाड, काळी, दणकट चोच. त्या चोचीने त्याने एक कुर्ली, म्हणजे खेकडा, पकडली, आपटली आणि गट्ट केली. क्रॅब प्लोव्हर, खेकडेखाऊ पक्षी! इतक्या वर्षांत आमच्या किनाऱ्यावर तिने हा पक्षी कधीच पाहिला नव्हता. तिने माझ्या काचेला मोबाईल लावून फोटो काढला. पण घाईत तिने तो उजव्या डोळ्याला लावला. फोटोत एक पांढरा ठिपका आणि भोवती राखाडी डाग एवढंच आलं.

पक्षीमित्रांच्या ग्रुपवर तिने तोच फोटो लावून ही बातमी टाकली आणि चेष्टा सुरू झाली. कुडाळचा दातांचा डॉक्टर ओमकार ग्रुपचा म्होरक्या. हाताएवढ्या लांब लेन्सचा कॅमेरा आहे त्याच्याकडे. त्याने लिहिलं, "ताई, दुर्बिणीतली बुरशी तर नाय ना बघलात? धड फोटो नाय तर कोण मानतलो?"

माझा संताप झाला. आनंदीने मात्र मोबाईल पालथा ठेवला, आणि ते मला जास्त लागलं. ती थापा मारणारी बाई नाही. तिचा शब्द पणाला लागला होता आणि पाहुणा कोणत्याही दिवशी उडून जाणार होता. तिने एवढंच लिहिलं, "रविवारी येवा. तो जाऊच्या आधी येवा."

रविवारी सगळे आले. गर्दीने पक्षी बुजेल म्हणून आनंदी एकटी पुढे गेली. "दिसलो की मी ओढणी हलवतंय. आरडाओरड करू नकात," असं तिने बजावलं होतं.

तो तिथेच होता! अगदी पाण्याच्या कडेला! आनंदीने भान विसरून ओढणी डोक्यावर गरागरा फिरवली.

आता हसा. तळाशीलमध्ये जन्मलेल्या बाईने ही चूक करावी! आमच्या किनाऱ्यावर कापड हलवण्याचा एकच अर्थ असतो. मासळीचा थवा आला, रापण टाका, म्हणजे दोरीने किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं सोडा. रापणीच्या प्रमुखाची, बाबली तांडेलाची होडी जाळं भरून तयारच होती. त्याने ओढणी पाहिली आणि होडी सोडली. वल्ह्यांचा आवाज, माणसांची धावपळ, जाळ्याचा भलामोठा अर्धा फेर पाण्यात पडला. आणि आमचा पाहुणा भुर्रकन उडाला.

ओमकार धापा टाकत पोचला. "खंय आसा, ताई?"

आनंदीने आभाळाकडे बोट केलं. आभाळात काहीच नव्हतं. तिचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात बाबली होडीतून उतरून तणतणत आला. "कपडो कोणी हलवलो? मासो खंय आसा?"

"मिया हलवलंय, बाबलीकाका. पक्षी दिसलो म्हणान."

"पक्षी! आमची रापण पडली नि तू सांगतंस पक्षी!" बाबलीने कपाळावर हात मारला. "आता दोरीक हात लावा. सगळ्यांनी. डॉक्टरानूय!"

मग काय! कॅमेरे पिशव्यांत गेले, मला ओढणीवर ठेवलं आणि सगळे दोरीला लागले. ओमकारच्या नाजूक हातांची सालटं निघाली. जाळं आलं, तर त्यात मूठभर तारली मासळी आणि ढीगभर बारक्या कुर्ल्या. बाबलीची माणसं कुरकुरत वाळूवर बसून जाळं झाडू लागली. कुर्ल्या तुरुतुरु पळत सुटल्या.

आणि तेव्हा तो परत आला!

आधी लांब उतरला. मग चार पावलं जवळ. मग आणखी जवळ, थेट सांडलेल्या कुर्ल्यांपाशी. कुणाच्या हाताशी कॅमेरा नव्हता. उठावं तर पक्षी उडणार. हात चिकट, तोंडं उघडी. माणसांसकट अख्खी रापण पुतळ्यासारखी बसून राहिली.

"ह्योच काय गो तो?" बाबली कुजबुजला.

"होय काका. ह्योच."

पाहुण्याने एक कुर्ली फोडली. कडकन आवाज झाला. ओमकारच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. "ताई, मानलंय तुमका," तो हळूच म्हणाला. आनंदीला ऐकायला कुठे सवड होती! ती बघत होती.

रापणीचा एक नियम आहे. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीतला वाटा मिळतो, मग तो गावचा असो की परगावचा. बाबलीने वाटे घातले. शेवटी ओंजळभर कुर्ल्या घेतल्या आणि अलगद वाळूवर सोडल्या. "तेचोय वाटो. तेच्यामुळाच जाळा पडला मा!"

पोट भरल्यावर पाहुणा उठला, आमच्या डोक्यांवरून एक फेरी मारली आणि देवगडच्या बाजूने उत्तरेकडे निघून गेला. त्या सकाळी माझ्यातून कुणीच पाहिलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आनंदीने मला उचलून गळ्यात घातलं तेव्हा तिचं काळीज असं उड्या मारत होतं की मीही सगळं विसरले.

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलंच, "फोटो?" ओमकारने उत्तर दिलं, "फोटो नाय. रापणीक विचारा."

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी पडून असेल तर तिला कपाटावरून खाली काढा. ओलीपासून जपा, मऊ फडक्याने पुसा, आणि कृपा करून उलटी धरू नका. आणि कुणी धावत येऊन "मी पाहिलं!" म्हणालं, तर फोटो मागत बसू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर पळत सुटा.