ऋषीच्या नावाचं पान

मुग्धाचं टाळकं सरकायला तसं फार काही लागत नाही, हे तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण सीताबर्डीला क्लास सुटल्यावर सौरवनं जे सांगितलं, त्यानं एखाद्या गरीब गाईनंही शिंगं उगारली असती.

"परवा आखजीले ऋषीच्या घरी जेवायले बोलावलं बे मले," बाइकची चावी बोटावर फिरवत तो म्हणाला. "पाटावर बसायचं, पुरणपोळी हाणायची. वरून शर्टही देऊन राहिले."

"तुले? काहून तुले?"

"मुलगा पाह्यजे म्हणे. बाहेरचा, त्याच्याच वयाचा. त्याच्या आत्याचा फोन आला होता."

अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्याकडच्या आखजीला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पान वाढतात. पाटावर बसवायला बाहेरचं कुणीतरी बोलवतात, आणि त्या दिवसापुरतं ते माणूस म्हणजेच गेलेला जीव. त्याच्या हातावर पाणी घालायचं, पाया पडायचं, पोटभर जेवू घालायचं आणि शेवटी विचारायचं, पोट भरलं का? तो 'भरलं' म्हणाला की जीव सुखानं वाटेला लागतो. ऋषीची ही पहिली आखजी होती. आणि ऋषी म्हणून कोण बसणार, तर सौरव! अकरावीत ऋषी वर्गात शिरलं की मागच्या बाकावरून टाळ्या वाजवणारा सौरव!

ऋषीला मी 'शिरलं' म्हणते, कारण त्या लेकरानं स्वतःच सांगून ठेवलं होतं. मी मुलगा नाही, मुलगीही नाही, मी ऋषी आहे, मले 'ते' म्हणा. नाव मात्र बदललं नाही. "एवढं चांगलं नाव आहे, काहून बदलू?" असा उलटा सवाल. डोळ्यांत काजळ, अंगात बापाचा जुना चौकटीचा शर्ट आणि तोंडात सदा वाद. रामटेकच्या सहलीला तर ते अर्धा गड एका माकडाशी भांडत चढलं होतं, चण्याच्या एका पुडीसाठी.

त्याच सहलीत, उतरताना, मुग्धानं त्याला सांगितलं होतं, "मले मुली आवडतात."

"मी मुलगी नाही पण."

"तू आवडतं, हे मी कधी नाही म्हटलं?"

झालं, एवढंच. त्यानंतर दीड वर्षं दोघांचं प्रेम होतं. दवंडी पिटली नव्हती, आणि लाजही धरली नव्हती. मग मागच्या ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि पाच दिवसांत ऋषी गेलं. सतरा वर्षांचं. मुग्धा वर्गातल्या बाकीच्या पोरांसोबत बिल्डिंगखाली उभी राहिली, आणि त्यांच्यासोबतच तिला घरी पाठवलं. तेरवीला बोलावणं आलं नाही. तिचं दुःख मैत्रिणीचं, म्हणजे चार दिवसांचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला अजून एकदाही कुणी विचारलं नव्हतं, पोरी, तू जेवते का नीट?

"जा तू परवा," तिनं सौरवला सांगितलं. "मीही येते. पण त्या पाटावर मी बसणार आहे."

सौरव हसला. त्याला वाटलं, गंमत करून राहिली.

आखजीच्या दिवशी मुग्धा मेट्रोनं मनीषनगरकडे निघाली. अकरा वाजताच ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. ऋषीच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये कूलर घरघरत होता. लाल घागर भरून ठेवली होती, तिच्यावर आंबा. पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर मांडी घालून सौरव. शेजारी ऋषीची आत्या, कुसुमताई, रामटेकहून मुद्दाम आलेली. साऱ्या घराण्याच्या रीतीभाती तिच्या जिभेवर.

"ये, बस वं," कुसुमताई म्हणाली. "पितर उठले की मंग बाकीच्यांची पंगत."

"आत्या, मले तिथं बसायचं आहे."

"कुठं?"

"पाटावर."

कुसुमताईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय तुमच्या कॉलेजचं गॅदरिंग हाय? मुलगा गेला त मुलगाच बसवा लागते. सवाष्ण गेली त सवाष्ण. आमच्या सात पिढ्यांत असंच झालं."

"ऋषी मुलगा नव्हतं, आत्या. तुमच्यासमोर सांगितलं होतं त्यानं, तुमच्या पोरीच्या लग्नात."

"मंग काय मुलगी होता?"

"नाही."

"मंग पाटावर बसवू कोणाले? देवाले?"

"ज्याले ऋषीची भूक माहीत आहे, त्याले."

गॅलरीत पाठमोरे उभे असलेले ऋषीचे बाबा, मधुसूदनराव, किंचित हलले, पण वळले नाहीत. त्या लग्नात ऋषी काजळ घालून मिरवलं, तेव्हापासून या माणसानं स्वतःच्या लेकराशी बोलणं टाकलं होतं. पुरते दोन महिने. ते जेवायला बसलं की हे ताटावरून उठत. दोन महिने संपले ते दवाखान्यात, आणि तेव्हा ऋषी शुद्धीवर नव्हतं.

एवढ्यात शोभाताई, ऋषीची आई, ताट घेऊन आली. कुरडया, वडे, कढी, आमरस, आणि मधोमध तुपानं थबथबलेल्या पुरणपोळ्या. तिचे डोळे सुजलेले होते, पण हात भराभर चालत होते.

"भांडू नका गं बायांनो आज," ती म्हणाली. "पहाटे चारपासून राबून राहिली मी. पुरणपोळीवर जीव होता माझ्या लेकराचा. दर शुक्रवारी डब्यात चार द्यायची, कणभर परत येत नव्हतं."

आता आली का पंचाईत! बोलावं तर आईचं काळीज फाटणार, आणि गप्प बसावं तर ऋषीच्या पहिल्या पानावर ऋषीलाच न आवडणारं वाढलं जाणार. तिनं एकदा सौरवकडे पाहिलं. तो पोळीकडे पाहत होता.

"काकू," ती म्हणाली, "ऋषीले पुरण आवडत नव्हतं. वासही नको म्हणायचं."

"काय बोलून राहिली तू?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं करायच्या, म्हणून सांगायची हिंमत झाली नाही त्याची. माकडाशी भांडायचं, पण तुमच्यापुढं हात टेकायचं."

"आणि डबा? रिकामा यायचा ना डबा!"

"मी खायची, काकू. दीड वर्षं, दर शुक्रवारी चार. त्याच्या वाटच्या सगळ्या मीच खाल्ल्या. माझा डबा ते खायचं."

शोभाताईनं ताट खाली ठेवलं. तिच्या तोंडातून आधी एक हुंदका आला, आणि त्याच्या मागोमाग, कुणाला कल्पना नसताना, हसू आलं. "बदमाश," ती म्हणाली. "पक्कं बदमाश! आणि मी मेली तूप ओतून राहिली!" पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि कुसुमताईकडे वळली. "वन्सं, दीड वर्षं माझ्या लेकराच्या नावचं हीच जेवली. आता एका दिवसासाठी दुसरं कोण शोधता? ऊठ रे सौरव, बाबा."

सौरव उठला. जाताना मुग्धाजवळ घुटमळला. "मी टाळ्या वाजवायचो ना," खालच्या आवाजात म्हणाला, "मलेही कसंतरीच होऊन राहिलं होतं तिथं." मुग्धानं त्याला माफ वगैरे केलं नाही. पण कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

"मंग काय आवडत होतं त्याले?" शोभाताईनं विचारलं. स्वतःच्या लेकराबद्दल हे परक्या पोरीला विचारावं लागतं, याचं तिला रडू येत होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"चून-भाकर. माझी आई डब्यात देते ते. झणझणीत, आणि वर कच्चा कांदा."

"कांदा!" कुसुमताई ओरडली. "पितराच्या पानात कांदा!"

"लेकरू माझं हाय, वन्सं," शोभाताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. चुनासाठी, म्हणजे पिठल्यासाठी, बेसन खमंग परतल्याचा वास बाहेर आला, भाकरी थापल्याचा आवाज आला.

मुग्धा पाटावर बसली. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती जेवली. ऋषी जेवायचं तशीच, कांदा बुक्कीनं फोडून, बोटं चाटत, मध्येच "तिखट कमी आहे" असं सांगून. शोभाताई समोर बसून एकेक घास पाहत होती. नऊ महिन्यांत मुग्धाला पहिल्यांदा वाटलं, की आपण या घरचे कुणीतरी आहोत.

मग मधुसूदनराव आले. कर्ता पुरुष म्हणून विचारायचं त्यांनीच होतं. हातात पाण्याचा तांब्या. ते गुडघ्यांवर बसले, बँकेत साहेबासमोरही न वाकणारा माणूस, आणि एका सतरा वर्षांच्या पोरीच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं.

"पोट भरलं का?" त्यांनी विचारलं.

भरलं, म्हणायचं. एका शब्दाचं काम. तेवढ्यानं बाप सुटला असता, रीत पुरी झाली असती, सगळे पंगतीला बसले असते. मुग्धाला हे दिसत होतं. आणि ऋषीचे ते दोन महिनेही दिसत होते.

"नाही भरलं," ती म्हणाली.

कुसुमताईनं कपाळाला हात लावला.

"दोन महिने एकट्यानं जेवलं मी, बाबा. तुम्ही उठून जायचे. आज ताट घेऊन या. माझ्यासमोर बसा."

यजमान आधी जेवत नसतो, पितर उठल्यावर जेवतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शोभाताईनं दुसरं पान वाढलं. मधुसूदनरावांनी समोर बसून भाकरीचा तुकडा मोडला, चुनाला लावला, तोंडात घातला, आणि त्यांचा बांध फुटला. "चुकलो रे बाळा," ते म्हणत होते, "चुकलो मी, फार चुकलो," आणि घास गिळत नव्हता.

"जेवा, बाबा," मुग्धा म्हणाली. "थंड होते."

ते जेवले. रडत, ठसका लागत, पण ताट पुसून जेवले. मग सगळ्यांनी मुग्धाकडे पाहिलं. आता ती म्हणेल. म्हणायला काही हरकतही नव्हती. पण एकदा भरलं म्हटलं की ऋषी या घरातून उठणार होतं.

"अर्धी भाकर अजून," ती म्हणाली.

शोभाताई उठू लागली, पण कुसुमताईनं तिला खांद्यावर दाबून खाली बसवलं. "बस तू. मी टाकते गरम." ती आत गेली आणि पूर्ण भाकर घेऊन आली, वर कांदाही होता.

मुग्धा हळूहळू खात राहिली, आणि तिला कोणीही घाई केली नाही.