नववं प्रकरण

एदेल्मिराने शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. खाली रांगांत बसलेल्यांचे हात सिगार वळतच राहिले, पण एकाही फळीवर चावेता वाजली नाही. पुस्तक आवडलं की तंबाखूची पानं कापायचं ते चपटं पातं फळीवर टकटक वाजवायचं, ही कारखान्याची दाद. नाही आवडलं तर ते जमिनीवर टाकायचं. आज दोन्ही झालं नाही.

"आता तुझं मत सांग, बाई," पुढच्या रांगेतून रेंबेर्तो म्हणाला. "पुस्तक संपलं की वाचणारीने बोलायचं. रिवाज आहे."

"सांभाळून विचार रे," मागून कोणीतरी ओरडलं. "पुस्तकात हिचं नाक छताला लागलंय!"

दालन खदखदून हसलं.

कादंबरी इल्सा फुंदोराची होती. इल्सा पूर्वी याच कारखान्यात पानं निवडायला बसायची. मग ती परदेशी, तंपाला गेली आणि तिथे बसून तिने या दालनावरच कादंबरी लिहिली, फक्त नावं बदलून. कोणाच्या तरी बॅगेतून एक प्रत इकडे, रेमेदियोसला पोचली आणि कामगारांनी हात वर करून उन्हाळ्यासाठी तीच निवडली. मग जुलै-ऑगस्टभर एदेल्मिराने उंच चौथऱ्यावर बसून, स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडलेल्या एका शिष्ट वाचक बाईची गोष्ट वाचली, आवाज जराही न हलवता. तिला या खुर्चीवर कामगारांच्या मतांनी बसवलं होतं आणि त्यांची अट एकच होती: एक शब्दही गाळायचा नाही.

"वाईट पुस्तक आहे," ती म्हणाली. "माझी टिंगल केलीय म्हणून नाही. टिंगल बरी जमलीय."

दोन-चार जण हसले.

"इल्सा इथे इतकी वर्षं बसली आणि तिच्या पुस्तकात कोणी एकदाही खोकत नाही. कोणाची पाठ धरत नाही. सगळे नुसते एकमेकांबद्दल वाईट बोलतात. आपणही बोलतोच. पण त्याच तोंडाने दोमितिलाच्या नातवाचं औषध कुठे मिळेल तेही विचारत फिरतो. इल्साने अर्धंच ऐकलं. मला तर रोज ते पुस्तक मिटल्यावर हात धुवावेसे वाटायचे."

"छान," रेंबेर्तो म्हणाला. "आता नववं प्रकरण वाच."

"वाचलंय."

"अर्धं वाचलंस. बाकीची प्रकरणं कॉफीनंतरही चालायची. हे कॉफी यायच्या आत आटपलं."

हात थांबले.

ती पानं तिला न उघडताही दिसत होती. भाजलेल्या कानाचा एक कामगार, त्याची बायको आणि मुकादम. सगळ्या दालनाला माहीत होतं, फक्त त्यालाच नव्हतं, असं इल्साने लिहिलं होतं. रेंबेर्तोचा डावा कान लहानपणीच भाजलेला. त्याची बायको नोएलिया वारून अजून वर्षही झालं नव्हतं.

"वाच," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर वाच."

"गाळलं मी ते," ती म्हणाली. "माझ्याबद्दल होतं. लाज वाटली."

त्याने चावेता उचलली आणि हात लांब करून जमिनीवर सोडली. शेजारच्याने सोडली. मग मागच्या रांगांतून पाती पडत गेली, खणखण, पार दारापर्यंत.

"सोमवारपासून दुसरं कोणी बघू," दोमितिला म्हणाली. तिने मान वर केली नाही.

जेवणाची घंटा झाली. दालन रिकामं होईपर्यंत एदेल्मिरा बसून राहिली. मग तिने पंखा आणि पाण्याचा ग्लास पिशवीत टाकला, आणि पुस्तक पार तळाला दाबलं.

"लपवू नकोस," रेंबेर्तो खालून म्हणाला. तो परत येऊन आपलं पातं उचलायला वाकला होता. "भाच्याने मला फोनवर पानं पाठवली होती. तू सुरुवात करायच्या आधीच वाचलंय मी."

"मग मला कशाला वाचायला लावत होतास?"

"तुझं नाक, मॅनेजरचं पोट, सगळं तू एकाच आवाजात वाचलंस. लोक हसले, की बघा, इल्साला काय काय सुचतं. तेही त्याच आवाजात वाचलं असतंस तर तेही हसण्यावारी गेलं असतं." त्याने पातं एप्रनला पुसलं. "मी रोज वाट बघत होतो, की आज तरी तू मागे जाऊन ते गाळलेलं वाचशील. इल्सा तिकडे बसून काहीही लिहील. तू इथली. आणि तू गाळलंस, म्हणजे तुलाही ते खरं वाटलं."

एदेल्मिरा चौथऱ्याच्या पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"मला ते खरं वाटलं नव्हतं, रेंबेर्तो."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रोज ऐकायचा तसं.

"हे मात्र वाईट वाचलंस," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.