दगडाच्या अलीकडचा उकिरडा

बायजेच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ठाण्याच्या म्युनिसिपालटीने हद्दीचा दगड रोवला होता. दगडाच्या पलीकडे बाळकुमचं शिवार लागे. बायजेचं घर दगडाच्या अलीकडे पडलं आणि तिचं भाताचं खाचर पलीकडे. त्यामुळे तिच्या डोक्यावरची टोपली घरून निघताना कचऱ्याची असे आणि दगड ओलांडला की खताची होई. काशीच्या शास्त्र्यांनाही जी किमया साधली नसती, ती म्युनिसिपालटीने एक दगड पुरून साधली होती.

म्युनिसिपालटीला येऊन वीसेक वर्षं झाली होती. सुरुवातीची वर्षं रस्त्यावर कंदील लावण्यात आणि ते कोण विझवतं याची चौकशी करण्यात गेली. मग गावात तापाची साथ आली आणि सभासदांना काम मिळालं. पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार भिकाजीपंत हे सभासदांतले वाचणारे. त्यांनी कुठल्याशा साहेबाचा इंग्रजी रिपोर्ट वाचला आणि ताप घाणेरड्या हवेतून येतो, घाणेरडी हवा उकिरड्यातून येते, म्हणून उकिरडे गेले की ताप जाईल, असं सभेत सिद्ध करून दिलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण रिपोर्ट दुसऱ्या कोणी वाचला नव्हता.

ठराव झाला. हद्दीत कोणी परसात उकिरडा ठेवायचा नाही. घरचा केर सकाळी म्युनिसिपालटीच्या गाडीत टाकायचा, गाडीने तो खाडीच्या काठी ओतायचा, म्हणजे हळूहळू खाडी बुजेल आणि त्या जागी बाजार बांधता येईल. खाडीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. गाडी सकाळी जे देई, ते भरती संध्याकाळी बंदराच्या पायऱ्यांवर परत आणून ठेवी. संध्याकाळी हवा खायला गेलेल्या मंडळींना तिथे स्वतःच्या घरातल्या पत्रावळी, फाटके जोडे आणि फुटक्या बरण्या भेटत, आणि ओळख न दाखवता पुढे जावं लागे.

बायजेचा उकिरडा घरामागच्या खड्ड्यात होता. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, भाताचा कोंडा, मासळीची खवलं असं सगळं त्यात जाई. पण त्याचा निम्मा भरणा बामणआळीतून यायचा. उकिरड्याच्या कडेला उगवलेले भोपळे, दुधी, वालाच्या शेंगा घेऊन बायजा रोज आळीत जाई, आणि भाजी विकून रिकाम्या झालेल्या टोपलीत मागल्या दारांतून सालं, देठ, खरकटं, पूजेचं निर्माल्य भरून आणी. टोपली रिकामी परत आणणं तिच्या जिवावर येई. आळीतल्या बायका म्हणत, ही आमचंच आम्हाला विकते. बायजा म्हणे, मंग परत देतासा कनाला?

तिला खत हौसेला लागत नव्हतं. भाताचं बी पेरायच्या आधी रोपाच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे राब करायचा, ही तिकडची रीत. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. जंगलखात्याने दोन वर्षांपूर्वी फांद्या तोडायला बंदी केली. तेव्हापासून बायजेचा राब, बायजेचं रोप आणि पुढच्या वर्षीचं घरचं जेवण, सगळं त्या एका खड्ड्यात कुजत होतं.

नोटीस आली ती आश्विनात. गाडीवरचा मुकादम दौलत घेऊन आला. हा घाटावरचा माणूस, नोकरीसाठी खाली उतरलेला. त्याला वाचता येत नव्हतं आणि बायजेलाही नाही, म्हणून त्याने ती तोंडी सांगितली आणि कागद तिच्या हातात दिला. बायजेने तो उलटासुलटा करून पाहिला आणि उकिरड्यात टाकला. कागदही कुजतो, हे तिला ठाऊक होतं.

तिचा नवरा पंढरी मिठागरावर कामाला जाणारा. मिठाचा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून तो घरीच होता. त्याचं म्हणणं पडलं, सरकारशी वाद नको. बायजेने विचारलं, मग राब कशाचा करायचा? पंढरी म्हणाला, तेही खरंच. पंढरीला दोन्ही बाजू एकदम पटत, त्यामुळे घरात भांडण होत नसे आणि निर्णय बायजेलाच घ्यावे लागत.

ती भिकाजीपंतांकडे गेली. ते ओटीवर पंचांग उघडून बसले होते. बायजेने उभ्यानेच सांगितलं, की शेतात भात उभा आहे, तो कापून झाला की आपण स्वतःच सगळा खड्डा उपसून दगडापलीकडे नेऊ, महिनाभर थांबा. बांधावर एकट्या माणसाला धड चालता येत नाही, तिथे उकिरडा आत्ता कुठे नेणार?

भिकाजीपंतांनी तिला हवेबद्दल समजावून सांगितलं. मग तापाबद्दल. बायजेने ऐकून घेतलं आणि विचारलं, की बाळकुमात घरोघर उकिरडे आहेत, तिथे ताप का नाही? बाळकूम हद्दीबाहेर आहे, असं पंतांनी उत्तर दिलं. ताप म्युनिसिपालटीच्या अखत्यारीतला असल्याचं बायजेला त्या दिवशी कळलं.

"नाय देनार मी," ती म्हणाली.

"देणार नाहीस, तर उचलला जाईल," पंत शांतपणे म्हणाले. "तुझा शेवटचाच राहिलाय. सार्वजनिक कार्याची सांगता आहे, म्हणून मुहूर्त बघत होतो. दिवाळीचा पाडवा धरलाय. साडेतीन मुहूर्तांतला आहे. सूर्योदयानंतर गाड्या येतील."

आत माजघरात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

तोवर गावातले बाकीचे उकिरडे गेलेच होते. कुणी मुकाट्याने दिले, कुणी रात्रीतून शेजाऱ्याच्या परसात सरकवले आणि मग शेजाऱ्याने दिले. ठाणं स्वच्छ झालं, असा ठराव पास होऊन कमिटीत एकमेकांचे आभार मानले गेले. आणि मग दिवाळी तोंडावर आली, तेव्हा घरोघरच्या बायकांच्या एक गोष्ट लक्षात आली, जी एकाही सभासदाच्या लक्षात आली नव्हती.

पाडव्याच्या पहाटे, पुरुषमंडळी पांघरुणात असताना, घर झाडून सगळा केर जुन्या सुपात भरायचा. त्यावर झिजलेली केरसुणी ठेवायची, पणती लावायची, आणि इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो, असं म्हणत ते घरातली अवदसा म्हणून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. परतताना मागे वळून पाहायचं नाही. आता उकिरडाच नाही, तर अवदसा ठेवायची कुठे?

गाडीत टाकावी, तर गाडी आळीभर सगळ्यांच्या दारांवरून फिरणार. आपली अवदसा कुठल्या दाराशी उतरेल आणि दुसऱ्याची आपल्याकडे कधी शिरेल, याचा भरवसा नाही. यावरून दोन जावांचं विहिरीवर भांडणही झालं. खाडीत सोडावी, तर भरती सगळं परत आणते हे गावाने डोळ्यांनी पाहिलेलं. वर्षाची पिडा सकाळी घालवायची आणि संध्याकाळी ती पायऱ्यांवर वाट पाहत बसलेली, हे कुणाला परवडणार?

धनत्रयोदशीला बायजा भोपळा घेऊन पंतांच्या मागल्या दारी गेली. पंतांच्या पत्नी यमुनाबाई भोपळा घेऊन उभ्याच राहिल्या.

"बायजे, तुझा आहे ना गं अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाडव्यापरत हाय."

"मग आमचं सूप आणलं तर चालेल का?"

बायजेने टोपली खाली ठेवली. तिला या घरचा राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. पंतांनी माझा राब न्यायला मुहूर्त काढलाय, आणि तुमची अवदसा मी का ठेवून घेऊ, असं तिने विचारलं. यमुनाबाईंनी भोपळ्याचं देठ चाचपलं.

"गाड्या सूर्योदयानंतर येणार आहेत," त्या म्हणाल्या.

"मना म्हायती हाय."

"आम्ही सूर्योदयाआधी येऊ. सगळ्याच येऊ."

बायजेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बायजेकडे पाहिलं नाही. त्या भोपळ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा भोपळ्याइतकाच निर्विकार होता.

"येवा," बायजा म्हणाली. "पन मंग वर्साचा केर पन माझेकडंच. गाडीन नाय टाकाचा."

यमुनाबाईंनी मान डोलावली आणि भोपळा आत नेला.

पाडव्याच्या पहाटे बायजेने परसाचं कुंपण उघडं ठेवलं. आधी बामणआळी आली, मग सोनारआळी, मग चेंदणीच्या कोळणी आल्या. त्यांच्या मागून कुणी रिकामं सूप बडवत, कुणी फुटका डबा. एरवी एकमेकींच्या सावलीचा हिशेब ठेवणाऱ्या बायका आज एकाच ढिगाला हात लावून जात होत्या. अवदसेला जात नसावी. पंढरी दारात उभा राहून म्हणाला, की गावभरची पिडा आपल्या दारी घेणं काही बरं नाही. बायजा म्हणाली, गप बस. तो म्हणाला, तेही खरंच.

उजाडलं तेव्हा उकिरडा दिसतच नव्हता. सुपांवर सुपं, केरसुण्यांवर केरसुण्या, आणि सगळ्यांवर पणत्या.

सूर्य वर आला आणि गाड्या आल्या. पुढे भिकाजीपंत, अभ्यंगस्नान करून, पगडी घालून, हातात नारळ घेऊन. सुपं ठेवून गेलेल्या बायका मागे न पाहता परतल्या खऱ्या, पण बऱ्याचशा रस्त्याच्या पलीकडे पोचून थांबल्या होत्या. तिथून पाहिलं तर ते मागे पाहणं होत नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं.

दौलत मुकादम फावडं घेऊन पुढे झाला, पणत्या पाहिल्या आणि फावडं खाली ठेवलं. गाडीवाले तर बैलांच्या मागेच राहिले.

"उचल," पंत म्हणाले.

"न्हाई साहेब."

"नोकरी करतोस ना?"

"केराची करतोय. गावाच्या अवदसेची न्हाई. घरी लेकरं हाईत."

पंतांनी अंधश्रद्धेवर बोलायला सुरुवात केली. या विषयावर त्यांनी वाचनालयात व्याख्यान दिलं होतं आणि ते त्यांना पाठ होतं. बायजेने ते अर्ध्यावर येईपर्यंत वाट पाहिली. मग दौलतचं फावडं उचललं आणि पंतांपुढे धरलं.

"पयला तुमी उचला," ती म्हणाली. "तुमचेवर नाय चालत ना हे?"

पंतांनी फावडं घेतलं. घ्यावंच लागलं, रस्त्याच्या पलीकडे अर्धं गाव उभं होतं. ते दोन पावलं पुढे गेले, वाकले, आणि तसेच राहिले. अगदी कडेच्या सुपात एक झिजलेली केरसुणी होती. तिची मूठ लाल कापडाने बांधलेली होती. ते कापड पंतांनी ओळखलं. मामलेदार कचेरीत बावीस वर्षं डोक्यावर मिरवलेल्या, गेल्या वर्षी उसवून टाकलेल्या त्यांच्या पगडीचं होतं ते.

त्यांनी वर पाहिलं. यमुनाबाई बायकांच्या पुढच्याच रांगेत होत्या. यमुनाबाईंनी सकाळी जी पिडा घराबाहेर काढली, ती पंतांनी हाताने उचलली, म्हणजे त्यांच्यासोबतच घरी परत येणार. व्याख्यानात या प्रसंगाची तरतूद नव्हती.

"तुमचीच हाय, पंत," बायजा म्हणाली. "न्याची तर न्या. मी नाय अडवाची."

बैलाने शेपटी हलवली. पंत सरळ झाले, फावडं दौलतच्या हातात दिलं आणि पगडी नीट केली.

"लोकभावनेचा विचार करता," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले, "भातकापणी होईपर्यंत काम तहकूब."

नारळ त्यांनी फोडला नाही, तसाच घरी नेला. गाड्या खाडीकडे वळल्या, पण त्या रिकाम्याच होत्या. पाडव्याला ठाण्यातल्या एकाही घराने गाडीला केर दिला नव्हता, आणि पुढेही आळीतून फारसा मिळाला नाही.

भात कापून झाला. बायजा खड्डा उपसायला लागली, तेव्हा पंढरी टोपलीला हात लावीना. तो म्हणाला, की मुकादमाने उचलली नाही, सभासदाने उचलली नाही, ती पिडा आपण का डोक्यावर घ्यायची?

"अरे, पिडा कुजली का तिचा खतच होते," बायजा म्हणाली. "बामनांची, सोनारांची, कोल्यांची, समदी एकान कुजली. असा राब आपले बापजाद्यांना नाय गावला."

पंढरी म्हणाला, तेही खरंच. आणि त्याने टोपली उचलली.

त्या वर्षी मृगाच्या आधीच्या आठवड्यात तिच्या रोपाच्या तुकड्यावर राब जळला, तेव्हा धूर हद्द न पाहता ठाण्यात गेला. रोप आलं ते काळंभोर. पावसाळा सरला, दुसऱ्या पाडव्याची सुपंही बायजेच्या खड्ड्यात पडली, आणि म्युनिसिपालटीने पुन्हा ठराव केला, आता जरा मवाळ. उकिरडा ठेवण्यास हरकत नाही, मात्र तो हद्दीच्या दगडापलीकडे हलवावा. निरोप घेऊन भिकाजीपंत स्वतः आले. अंतर फार नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं.

बायजा दगडावर टोपली टेकवून विडा लावत होती. आताशा ती टोपली तिथेच टेकवी. उंची बरोबर होती.

"उकिरडा नाय हलनार, पंत," ती म्हणाली. "त्यान गावाची अवदसा हाय. दगड हलवा. हलका हाय तो."